घासलेलं वर्ष

शिंपलेमामा पाणी पिण्याआधी पेल्याचा तळ बघत. बायकोने चहा दिला की तिच्या कपात किती आहे, तेही बघत. अशा माणसाच्या वाट्याला नेमकं मोजण्याचंच काम आलं होतं: समुद्रातला जाड शिंपला मधोमध कापायचा, अर्धा भाग घासून गुळगुळीत करायचा आणि दर वर्षी उमटलेल्या रेघा भिंगाखाली मोजायच्या. तीस वर्षांत एक रेघ चुकली नाही, हे जिन्यात भेटेल त्याला ऐकवल्याशिवाय त्यांना वर चढवत नसे.

शेजारच्या टेबलावर त्यांची मेहुणी पाइनच्या खोडाची चकती घेऊन तेच करी. झाड खाडीच्या काठावरचं, शिंपला त्याच खाडीच्या तळाचा. दोन्ही एकाच वर्षी आणलेली. मागे कधीतरी एक साल कडाक्याच्या थंडीचं गेलं आणि दोघांचीही वाढ खुंटली. ती बारीक रेघ बाहेरून मोजत गेलं की दोन्हीकडे एकाच आकड्यावर यायला हवी. उद्या तो आकडा संग्रहालयाच्या फलकावर रंगणार होता. मेहुणीचा आला एकेचाळीस, मामांचा चाळीस.

"ताईसारखाच वय चोरतोय वाटतं तुमचा शिंपला, भावजी."

"तुझ्या झाडालाच मोठेपणा मिरवायची हौस असेल."

ती डबा खायला गेली. मामांनी लगेच तिची चकती ओढली. एकेचाळीस. पुन्हा एकेचाळीस. बाईने चकतीच बदलली असणार, म्हणून ती नोंदवहीतल्या फोटोशी ताडून पाहिली; लाकडातली गाठ जिथल्या तिथे होती. आता संशय घ्यायला एकच माणूस उरला.

मामांनी खणातून शिंपल्याचा न घासलेला अर्धा भाग काढला, ओला केला. अगदी कडेला, नखाएवढी, शेवटच्या वर्षाची रेघ. एकेचाळीस. पॉलिशच्या कागदावर भरवसा नाही म्हणून त्यांनी तीनतीनदा घासलं होतं, आणि कडेचं अख्खं वर्ष भुकटी होऊन पुसलं गेलं होतं.

कुणी पाहिलं नव्हतं. हाही तुकडा कडेला जरासा घासला, तर झाडच खोटं ठरलं असतं. हात कागदापर्यंत गेलाही. मग त्यांनी पेन उचललं आणि शिंपल्याच्या नोंदीच्या कार्डावर लिहिलं: 'एकेचाळीस. कडा माझ्याकडून जास्त घासली गेली.'

मेहुणीने परत आल्यावर ते दोनदा वाचलं.

"चूक? तुमची? आणि स्वतःहून लिहिलीत?"

"लिहिलंय ना."

तिने मामांकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं. मग भिंग ओढलं आणि आपली चकती सालीपासून पुन्हा मोजायला बसली.