सोमवारची खीर

त्या वर्षी मला एका जागी बसवत नव्हतं. भाकरी थापता थापता उठायची, दारापर्यंत जायची, काहून आले ते विसरून परत फिरायची. देवावरची श्रद्धा गेली नव्हती, पण तो माझं ऐकतो तरी का, ही शंका मनात सारखी वळवळत होती.

रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची ही गोष्ट. आमचं घर शिरड शहापूरचं, शेती कापसाची आणि तुरीची. मला मधुमेह जडून तेव्हा तीन वर्षं झाली होती. हिंगोलीच्या डॉक्टरांनी साखर, गूळ, भात सगळं तोडलं आणि मीही निमूट तोडलं. त्याबरोबर औंढ्याच्या नागनाथाला बोलले की माझं दुखणं घालव, दर सोमवारी तुला गव्हाच्या खिरीचा नैवेद्य आणीन. गूळ सढळ हाताने घालायची. नैवेद्य दाखवून झाला की देवळाच्या ओवरीत बसून वाडगाभर प्रसाद खायची, आणि घरी आणलेला गूळ-खोबऱ्याचा प्रसाद पुढच्या सोमवारपर्यंत पुरवायची. दुखणं हटेना, तशी मी खीर दुप्पट केली. साखरेच्या दुखण्यावर गुळाचा नवस बोलणारी बाई किती शहाणी, ते तुम्हीच ठरवा. पण घरचं असतं ते गोड आणि देवाचा असतो तो प्रसाद, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की दोन्ही एकाच पोटात जातात, हे कधी मनातच आलं नाही.

मग लघवीला फेस यायला लागला. आमचे मालक मला रेल्वेने हिंगोलीला घेऊन गेले. डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी घेऊन ती दिव्यावर तापवली. नासलेल्या दुधासारखा पांढुरका थर वर जमला. नळी त्यांनी आमच्यापुढे धरली.

"आजवर नुसती साखर जात होती, आता अंगातलं सत्त्वही जाऊन राहिलं," ते म्हणाले. "मूत्रपिंडाला झळ लागली आहे. अजून सुरुवात आहे, म्हणून सांगतो. ते पुरतं बिघडलं तर माझ्याकडे औषध नाही. गोड बराबर बंद आहे ना?"

"व्हय," मी म्हणाले. खोटं बोलते आहे असं मला वाटलंच नाही.

धाकटीचं लग्न व्हायचं होतं. तिला उजवायच्या आत मी जाणार, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. त्या सोमवारी नैवेद्य दाखवून झाल्यावरही मी वाडगा हातात धरून ओवरीत येरझारा घालत होते. खांबापाशी एक म्हातारी धनगरीण टेकून बसली होती.

"बस ना वं बाई, काहून फिरून राहिली?" ती म्हणाली.

काय झालं कोण जाणे, घरच्यांशीही मोकळेपणी न बोललेलं सगळं मी त्या परक्या बाईला सांगितलं. दुखणं, नळी, नवस, दुप्पट केलेली खीर, सगळं. ती माझ्या वाडग्याकडे बघत होती.

"देवापुढं ठिवली तवा देवानं किती खाल्ली?"

"देव कुठं खातो? तो नुसता बघतो."

"मंग तुला काहून वाडगंभर लागती, माय? तू बी बघ, कपाळाला लाव अन् वाटून टाक."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तीन वर्षं मी देवाच्या नावावर माझ्या जिभेचे लाड पुरवत होते आणि वर त्यालाच बोल लावत होते. वाडगा कपाळाला लावून मी तिच्यापुढे ठेवला आणि उरलेली खीर ओवरीत वाटायला गेले. परत आले तर खांबापाशी कुणी नव्हतं. वाडगा मात्र घासूनपुसून पालथा घातलेला होता. पुढे कितीदा विचारलं, पण मेंढरं घेऊन फिरणाऱ्या बाईचा पत्ता कोण सांगणार?

डॉक्टरांना खरं सांगितलं, तेव्हा ते आधी रागावले आणि मग हसले. पुढच्या वर्षी नळीतला थर पातळ झाला. पार गेला नाही, पण वाढलाही नाही. धाकटी सासरी गेली, तिचं लेकरू मी मांडीवर घेतलं. ती म्हातारी कोण होती, यावर मी वाद घालत नाही. मी देवाला एवढी वर्षं काय काय देत होते, पण गोड खायचा आपला हट्ट त्याच्यापुढे सोडायचं तेवढं राहून गेलं होतं. तो तिने सोडायला लावला, एवढं मला पुरतं.

सोमवारची खीर मी आजही करते. गूळ विरघळला की अजून जीभ चळते. मग वाडगा कपाळाला लावते, पोटभर वास घेते आणि वाढायला उठते.