संपर्कासाठी: आई

मंगळवारी दुपारी माझी बहीण वारली. उदगीरहून नांदेडला घरी येत होती. जीप उलटली.

सहाव्या दिवशी आईच्या फोनवर तिच्यासाठी स्थळ आलं.

देगलूरचे कुणी गृहस्थ होते. “ताई, मुलीच्या आईच का तुम्ही? बायोडाटा बघितला ग्रुपवर. पोरगी पसंत हाय आम्हाला. जमलं तर न्हाई ना कुठं?” आईनं फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड करून बसली. काय झालं ते मी सांगितलं. गृहस्थ म्हणाले, “अरेरे. लई वाईट झालं. धाकटी कोणी हाय का मग?”

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. माणसाच्या हलकेपणाबद्दल पुष्कळ वाचलं आहे. पण पुस्तकांतल्या हलक्या माणसांना आपण काय करतो आहोत हे निदान माहीत असतं.

तो बायोडाटा मीच तयार केला होता, ती जाण्याच्या दीड वर्ष आधी. एका पानात सगळं बसवलं. जन्मवेळ, उंची, रंग, शिक्षण, ती शिकवत होती त्या शाळेचं नाव, मामांचं गाव, आमच्या घराचा पत्ता आणि कोपऱ्यात फोटो. बँकेचा ओटीपी कुणाला सांगू नकोस म्हणून आईला दहादा बजावणारा मी. बहीण कुठं राहते, कुठं काम करते, हे जिल्हाभरच्या अनोळखी लोकांच्या हवाली करून मोकळा झालो. नंबर तेवढा माझा दिला नाही. मला फोनवर बोलायला आवडत नाही. खाली लिहिलं, संपर्कासाठी आई.

फोन येत राहिले. निलंग्याहून आले, हदगावहून आले. एकानं तर सकाळी सातला फोन करून मुलाचं पॅकेज सांगितलं. हे वधूवर ग्रुप मी नंतर नीट पाहिले. त्यांतल्या कित्येकांची मुलं केव्हाच बोहल्यावर चढलेली आहेत, तरी ते ग्रुप सोडत नाहीत. लोकांच्या मुली चाळणं हा त्यांचा जेवणानंतरचा विरंगुळा आहे. चाळायचं, पुढं ढकलायचं आणि आपण कुणाचं तरी भलं केलं असं समजून झोपायचं.

शेवटी रजा टाकून लातूरला गेलो. मोठ्या ग्रुपचे चालक तिथं राहतात, निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी चहा मागवला.

“सर, ही समाजसेवा हाय. एक रुपया घेत न्हाई मी कुणाचा.”

“तिचं पान काढून टाका,” मी म्हणालो.

“माझ्या फोनमधून आत्ता काढतो की. पण लोकांनी उतरवून घेतलं ते कसं काढू? ते देवाच्या बी हातात न्हाई.”

आमच्याकडं पुस्तक हरवलं तर नोंदवहीत त्याच्यापुढं लाल शाईनं शेरा मारतात. माणसासाठी तेवढीही सोय नव्हती.

“एक काम करतो,” मास्तर म्हणाले. “सगळ्या ग्रुपवर सूचना टाकून देतो.” मग चष्म्यावरून मला न्याहाळत त्यांनी विचारलं, “तुमचं झालंय का? न्हाई तर बायोडाटा देऊन ठेवा.”

परतताना बस अहमदपूरला थांबली, तेव्हा सूचना आली. सदर मुलीचे दुःखद निधन झाले आहे, कोणीही संपर्क करू नये. आणि मुलगी कोणती याबद्दल घोटाळा नको म्हणून मास्तरांनी सूचनेच्या वर तिचा बायोडाटा पुन्हा जोडला होता. पत्ता, फोटो, नंबर, सगळं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यात एकानं न वाचताच अभिनंदनही केलं.

लोकांनी पान तेवढं पुढं पाठवलं. सूचना मागं राहिली. एका आठवड्यात इतके फोन आधी कधीच आले नव्हते.

मी आईसाठी नवं सिम आणलं.

“नको,” ती म्हणाली.

“अगं, लोक त्रास देतात.”

“तुला होतो त्रास. मी बोलते त्यांच्याशी.”

मला वाटलं, ती त्यांना फैलावर घेत असेल. एका दुपारी मी घरीच होतो. ती ताटात गहू निवडत बसली होती, फोनचा स्पीकर चालू होता. पलीकडं हदगावचा कुणी होता.

“माझा चष्मा न्हाई जवळ,” आई त्याला सांगत होती. “वाचा बरं काय लिवलंय ते. समदं वाचा.”

तो वाचू लागला. तिचं नाव, जन्मवेळ, उंची. आईचा हात गव्हात थांबला होता. तो शेवटी आला, “आवड, वाचन आणि रांगोळी.”

“रांगोळी न्हाई,” आई म्हणाली. “ते आमच्या पोरानं उगंच लिवलं. तिला पोहायला आवडायचं. आजोळी गेली की विहिरीतून वर यायची न्हाई.”

“बरं, बरं. पोहणं.”

“हाव. लिवून घ्या.”

मग पोरगी गेली एवढंच सांगून तिनं फोन ठेवला आणि पुन्हा गहू निवडू लागली. मी बाहेरच्या खोलीत होतो हे तिला माहीत होतं.

बहिणीनं कच्च्या कागदावर पोहणंच लिहून दिलं होतं. मी ते खोडलं. लोक काय म्हणतील, असं मला वाटलं होतं. कोण लोक, तर हेच.

नवं सिम माझ्या टेबलाच्या खणात आहे. आईचा नंबर तोच आहे. बायोडाटा अजून फिरतो आहे आणि त्यात रांगोळी आहे.