मंजूचं कोपर आणि दवाखान्यातलं बाकडं

हाडांच्या दवाखान्याबाहेर बसलेल्या माणसांना स्वतःला काहीच झालेलं नसतं. ना ताप, ना खोकला. मोडलेलं असतं ते पोराचं हाड! त्यामुळे मोठ्यांची तोंडं मोकळीच असतात. आत डॉक्टर कुणाचं तरी प्लास्टर कापत असले की बाहेर गप्पांना ऊत येतो. बारामतीच्या अशाच एका दवाखान्यातल्या लाकडी बाकड्यावर मी अख्खा हिवाळा काढला. तिथला एक किस्सा सांगावा, तर त्याच्या मागं दुसरा उभाच असतो. आणि गंमत म्हणजे, बहुतेक किश्श्यांत येडी ठरलेली बाई मीच आहे!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही इंदापूरला राहायचो. माझी मंजू तिसरीत होती. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या शाळेवरून जायच्या, आणि चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा हा तिच्या वर्गाचा खेळ. एका दुपारी ऊस ट्रॉलीतच राहिला आणि मंजू रस्त्यावर आली. उजव्या कोपराच्या जरा वर हाड मोडलं.

डॉक्टरांनी तारा घालून हाड बसवलं, वर प्लास्टर घातलं. म्हणाले, "ताई, हाड जुळेल. पण कोपर आखडतं, ते सुटायला वेळ लागतो. ज्या दिवशी ही उजव्या हातानं डावा कान धरील, त्या दिवशी मला पेढे द्या आणि परत इथं दिसू नका!"

"आणि नाही धरला तर?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. "व्यायाम करायचा," एवढंच म्हणाले.

इंदापूर येईपर्यंत मी एसटीत डोळे पुसत होते. मंजू खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत होती.

*

पुढच्या खेपेला फोटो काढला. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि मी वाकून बघितलं. हाडांच्या मध्ये चक्क फटी!

"डॉक्टर, अहो हे तर तुकडेच आहेत!"

"ताई, त्या मोडल्याच्या फटी नाहीत. लहान मुलांची हाडं तिथूनच वाढतात."

माझा काही विश्वास बसेना. शेवटी माझ्या समाधानासाठी त्या भल्या माणसानं मंजूच्या चांगल्या, डाव्या हाताचाही फोटो काढला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. "हे बघा. इथंही तशाच फटी आहेत. दिसतंय?"

मी एकदा हा फोटो बघितला, एकदा तो.

"अगं बाई! हाही मोडलाय?"

*

प्लास्टरच्या आत फार खाजतं. "आत काही घालायचं नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मीही मोठ्या तोंडानं "छे छे!" म्हणाले होते. पण पोर कळवळायला लागली की राहवतं का? सासूबाई देवळात गेल्या की मी हळूच कानकोरण्यानं खाजवून द्यायची.

एक दिवस ते कानकोरणं हरवलं. चांदीचं, माहेरचं! धान्याचे डबेसुद्धा उपसले, पण सापडलं नाही.

प्लास्टर कापलं त्या दिवशी आतून आधी चिंचोके पडले. मग खोडरबराचा तुकडा. मग माझं कानकोरणं! डॉक्टरांनी ते चिमट्यात धरून वर केलं.

"हे कुणाचं?"

मी पंख्याकडं बघायला लागले.

"आईचं!" मंजू म्हणाली. "मला खाजत नसलं तरी ती घालायची!"

*

प्लास्टर निघालं, तारा निघाल्या, पण हात काटकोनात होता तसाच राहिला. कान सोडा, तोंडाशीसुद्धा जाईना. मग व्यायामासाठी फेऱ्या सुरू झाल्या आणि बाकड्यावर सोबत मिळाली. पणदऱ्याच्या आक्का नातवाला, संतूला, घेऊन यायच्या. तो गोठ्याच्या पत्र्यावरून पडला होता. डाळजचे तात्या दिगूला आणायचे. हाही नातूच, सायकलवरून पडलेला. तिन्ही कोपरं एकाच हंगामातली!

दिगूचा हात सरळ होत नव्हता. तात्यांनी स्वतःच उपाय काढला. रोज सकाळी दिगूच्या हातात किटली द्यायची आणि त्याला डेअरीवर पाठवायचं. वजनानं हात आपोआप ताणला जाईल!

डॉक्टरांना कळलं तेव्हा ते भडकलेच. "तात्या, कोपराला वजन लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"वजन कुठं लावलं जी? मोकळी किटली काय वजन हाय का?"

"डेअरीवर जाताना मोकळी किटली?"

"जाताना नव्हं," तात्या म्हणाले, "येताना!"

"मग जाताना?"

"जाताना दूध असतंय की!"

*

आक्कांना डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नीट समजावलं होतं. मी शेजारीच होते. "आक्का, रोज सकाळ-संध्याकाळ हलवा. थोडा थोडा. एकदम जास्त नको. पण चुकवू मात्र नका."

"न्हाय चुकवायची," आक्का म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात संतूचा हात होता तिथंच. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आक्का, मी सांगितलं ते केलं नाही वाटतं?"

"आसं कसं म्हनता? दोन्ही टायमाला केलं! गाजरं मळ्यातली, दूध घरचं. पोरगं वाटी चाटूनपुसून खातंय," आक्का म्हणाल्या. "पर हात काय हलंना बगा!"

*

मी आक्कांना हसले खरी, पण पुढच्याच खेपेला माझा नंबर लागला.

"कोपर चोळायचं नाही," हे डॉक्टरांचं रोजचं वाक्य. चोळलं की ते जास्तच आखडतं म्हणे. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लसूण आणि ओवा घालून तेल कडवून ठेवलं होतं.

त्या विचारात पडल्या. "चोळू नका म्हनाले. लावू नका म्हनाले का?"

मला ते पटलं! मी अगदी अलगद, न चोळता, कोपराला तेल लावलं आणि तशीच मंजूला घेऊन एसटीत बसले.

डॉक्टरांनी मंजूचा हात हातात घेतला. नाक जवळ नेलं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"ताई, हाताला फोडणी कुणी दिली?"

*

एकदा डॉक्टरांनी मंजूला विचारलं, "जेवतेस कशी गं?"

"आई भरवते."

"अजून?"

काय करणार? शेजारच्या मावशी येता-जाता म्हणायच्या, "पोरीची जात, हात असाच ऱ्हायला तर कसं व्हायचं?" आणि मी आणखी दोन घास जास्त भरवायची.

"हात तिचा मोडला होता, ताई," डॉक्टर म्हणाले. "पण प्लास्टर तुम्हाला घालायला पाहिजे होतं!"

त्या रात्री मी मंजूपुढं ताट ठेवलं आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले. तिचा हात अर्ध्या वाटेत थांबायचा, मग तोंडच खाली जायचं. वरणभात तोंडात कमी आणि फ्रॉकवर जास्त. ती रडली, मी रडले. सासूबाई उगीचच चुलीपाशी काहीतरी शोधत बसल्या. पण घास काही मी भरवला नाही.

हळूहळू हात हनुवटीला लागला. मग तोंडाला. डॉक्टरांसमोर तिनं भुईमुगाचे दाणे एकेक करून तोंडात टाकून दाखवले, तेव्हा मी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की बाहेरचा कंपाउंडर धावत आला.

कान मात्र राहिलाच. हात गालापर्यंत जायचा आणि थांबायचा. संतूचं झालं. दिगूचं झालं. आक्कांनी जाताना गाजरं दिली, तात्यांनी खवा दिला. बाकड्यावर आता मी एकटीच असायची. रोज दिवा लावल्यावर म्हणायची, "मंजू, धर बरं कान!" आणि ती म्हणायची, "जात नाही गं आई!" पुढं पुढं मी विचारायचंच सोडलं.

*

एका दुपारी शाळेतून निरोप आला, ताबडतोब या. मी हातातली कणीक तशीच टाकून पळाले. वर्गाच्या दारात बाई उभ्या होत्या, लालबुंद!

"अहो, एवढं होऊनसुद्धा तुमच्या मुलीनं आज पुन्हा चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढला! काही वळण लावा तिला!"

"पडली का?"

"पडतेय कसली! मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला कांड्या वाटत होती. शिक्षा केलीय मी. कान धरून उठाबशा काढतेय."

"काय धरून?"

"कान!"

मी बाईंच्या खांद्यावरून आत बघितलं. फळ्यापाशी मंजू खाली बसत होती, उठत होती. डाव्या हातात उजवा कान. उजव्या हातात डावा.

"झाल्या हिच्या," बाई म्हणाल्या. "घेऊन जा घरी."

मी कणकेचे हात जोडले.

"बाई," मी म्हणाले, "अजून पाच-सहा काढायला लावा ना!"