आग्वादचा बार आणि न उघडलेला डबा

रविवार, १८ जानेवारी. मये, डिचोली, म्हापसा, कांदोळी. तीन बसगाड्या बदलल्या. रात्री परत.

हे वारल्याला दहा महिने झाले. सत्तावीस वर्षं हे खनिज वाहणाऱ्या बार्जवर, म्हणजे मोठ्या मालवाहू बोटीवर, सुकाणू धरत, मांडवीतून मुरगाव बंदरापर्यंत. सकाळी दिलेला डबा कधी चार वाजता उघडायचे. "बार ओलांडल्याशिवाय जेवायचं नसतं," एवढंच म्हणत. मला ती सबब वाटायची. पोटाच्या दुखण्यात गेले आणि माझ्या मनात राग राहिला: वेळेवर जेवले असते तर! तो बार आग्वादच्या किल्ल्याजवळून दिसतो म्हणतात, एकदा बघावा म्हणून निघाले. सवयीने डबाही भरला.

कांदोळीहून पायलट केला, म्हणजे भाड्याची मोटरसायकल. चढ मोठा आहे. चालत जाणार असाल तर ऊन उतरू द्या. किल्ल्यातलं पोर्तुगीजांच्या वेळचं दीपगृह नुसतं बघायचं. चढू देतात ते बाहेरचं, नवं, तेही दुपारनंतर. तिकिटाला सुट्टे पैसे ठेवा.

जिन्यावर पुढे सावंतवाडीचं जोडपं होतं.

"अहो, माका घेरी येता."

"खाली बघू नको, माझ्याकडे बघ."

"तुमच्याकडे बघूनच येता ती!"

वर पोचले आणि कठडा धरून उभीच राहिले. एवढं पाणी एका नजरेत कधी पाहिलं नव्हतं. तिथल्या राखणदारांना विचारलं, "बार कुठे?"

"ती धवी रेघ दिसता न्हय, बाय? न्हंय दर्याक मेळटा थंय रेंव सांचता. तोच बार. मात्शें चुकलें जाल्यार बार्ज रुततलें."

नदीच्या तोंडाशी साचलेल्या रेतीवर लाटा फुटत होत्या, तीच ती पांढरी रेघ. तेवढ्यात भरलेलं बार्ज आलं. धक्क्यावर पलीकडचं काही दिसू न देणारं ते धूड तिथे आगपेटीएवढं होतं. पांढऱ्या रेघेवर त्याचं नाक वर गेलं, पाण्यात बसलं, पुन्हा वर. त्या रेतीवरून जाताना जेवण कोणाला सुचेल?

बार्ज पलीकडे सरळ झालं.

"आता जेवतील," मी म्हटलं.

राखणदारांनी माझ्याकडे पाहिलं. "घोव बार्जीर आशिल्ले?"

मी होकाराची मान हलवली. वेळ संपल्यावर त्यांनी बाकीच्यांना खाली धाडलं, मला घाई केली नाही.

घरी आले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. राग कुठे उतरला, वर की जिन्यात, सांगता येत नाही. डबा पिशवीत तसाच होता. भात थंड झाला होता. गरम केला नाही. डब्यातूनच जेवले.