मयेच्या विहिरीवरचा हरवलेला ठिपका

विठूचा फोन आला आणि मी सावंतवाडीहून सकाळची पहिली बस धरली. विठू माझा आतेभाऊ, डिचोली तालुक्यातल्या मये गावचा शेतकरी. त्याच्या बागायतीच्या कडेची विहीर नव्या रस्त्यासाठी बुजवणार होते. शंभर वर्षांहून जुनी ठरली, तरच रस्ता वळणार. विहिरीवर फारसी ओळ कोरलेली आहे. पण आधी आलेल्या एका जाणकाराने ती निरर्थक ठरवली होती. मी अलीकडे फारसी शिकतेय, म्हणून विठूने मला बोलावलं.

बांदा, पत्रादेवी करत पेडणे. इथे न्याहारी कराच: पातळ भाजी आणि भट्टीतून नुकताच निघालेला उंडो, म्हणजे कडक पाव. म्हापशाला बस बदलली. डिचोलीहून मयेला पायलट केला; भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला गोव्यात पायलट म्हणतात. मयेच्या तळ्याच्या कडेचा रस्ता इतका सुंदर, की घाई असूनही त्याला म्हटलं, जरा हळू.

विठू विहिरीपाशीच उभा होता. "ताई, आताच येतले पंचायतीचे. काय तरी कर गो!"

फारसीत प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा असतो. कवी शेवटी असे शब्द गुंफतो, की अक्षरांची बेरीज केली की बांधकामाचं हिजरी वर्ष निघतं. इथले शब्द वाटत होते 'चश्मा-ए-फैज़', कृपेचा झरा. पण शेवटच्या अक्षरावर ठिपका नव्हता. ठिपका असेल तर त्याचे आठशे, नसेल तर नव्वद. बिनठिपक्याची बेरीज ५२८, म्हणजे इसवी सनाचं बारावं शतक! इतक्या जुन्या काळी इथे फारसी कोण कोरणार? जाणकार इथेच अडला होता.

"ठिपका असणारच. नाहीतर शब्दच होत नाही," मी सांगितलं.

पंचायतीच्या सचिवबाई आल्या होत्या. "बाई, दिसत नाही ते मी कसं लिहू?"

विठू ओशाळला. "दर गणेशचवथीक आमीच चुनो फासतंव हेका."

तो पळत जाऊन सोललेल्या नारळांची काथ्याळ सोडणं घेऊन आला. दोघांनी घासलं. चुन्याचे पापुद्रे निघत गेले. मग अक्षराच्या डोक्यावर एक खळगा दिसला. पाणी ओतलं. गोल, नेटका, छिन्नीने मारलेला ठिपका!

"आठशे!" मी ओरडलेच. बेरीज हिजरी १२३८, इसवी सन १८२२-२३. म्हणजे सुमारे दोनशे वर्षं!

सचिवबाईंनी खळग्यात बोट घालून पाहिलं, मोबाइलवर दोनदा बेरीज केली आणि हसल्या. "रस्तो वळयतले."

विठूने तिथल्या तिथे कळशी भरून सगळ्यांना पाणी पाजलं.

घरी परतून आठवडा झाला. रस्त्याची नवी आखणी विहिरीला वळसा घालून गेल्याचा फोटो त्याने पाठवलाय. या वयात फारसी कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हसून टाळायची. आता सांगते: मयेला जा आणि त्या विहिरीचं पाणी पिऊन या.