विभागप्रमुखांचं पान

बाईंनी तीस वर्षं कलाशाळेत अक्षररचना शिकवली. दुकानाच्या पाटीवर दोन अक्षरांमधली फट जरा जास्त झाली तरी त्यांचे पाय रस्त्यातच थांबायचे आणि लहानगा मुलगा हात ओढायचा, "आई, चल ना, दुकानदार बघतोय." निवृत्तीनंतर विद्यापीठांच्या वेबसाइट दिसायला कशा आहेत, हे ठरवायला त्यांना बोलावलं, ते या नजरेमुळेच. नऊ विद्यापीठं, तीन परीक्षक. रंग, अक्षरं, मांडणी, चित्रं आणि एकूण रूप, प्रत्येकाला दहा गुण.

यादी हाती येताच बाई समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. "सहावं विद्यापीठ मला नको. तिथे माझे यजमान शिकवत होते."

"होते ना? मग आता काय हरकत..." अध्यक्ष बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. यजमानांना जाऊन चार वर्षं झाली, हे त्यांनाही ठाऊक होतं. "माफ करा, बाई. पण तुमच्या निकालावर कुणी बोट ठेवणार नाही. राहू द्या."

बाईंनी राहू दिलं.

पहिल्या पाच साइटनी डोळे शिणवले. एकीवर चार रंगांच्या पट्ट्या एकमेकींच्या अंगावर धावत होत्या. दुसरीवर कुलगुरूंचा फोटो एवढा मोठा, की प्रवेशाची माहिती पार तळाशी गेलेली. शेजारी बसलेली परीक्षक बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. ती पुटपुटली, "हे विद्यापीठ आहे की निवडणुकीचा फलक?"

"फलक बरा. तो लांबून तरी वाचता येतो," बाई म्हणाल्या.

सहावी साइट उघडली आणि दोघी पुढे वाकल्या. गडद निळा रंग, भरपूर मोकळी जागा, अक्षरं शिस्तीत तरी अवघडलेली नाहीत. प्रत्येक साइटवर एखाद्या विभागाचं पानही तपासायचं होतं. बाईंचा हात आपसूक भूगर्भशास्त्राकडे गेला.

समोर यजमान होते. गच्चीवर बाईंनीच काढलेला फोटो. कॉलरचं एक टोक आत दुमडलेलं. खाली लिहिलं होतं: विभागप्रमुख. खोली क्रमांक बारा. विद्यार्थ्यांना भेटण्याची वेळ, दुपारी तीन ते चार.

विद्यार्थिनीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बाई, फोटो आणि मजकुरातलं अंतर बघा. काय जमलंय!"

"हो," बाई म्हणाल्या.

त्यांनी पन्नासपैकी चव्वेचाळीस गुण दिले आणि मग त्यांनाच शंका आली. आपलं माणूस म्हणून जास्त तर नाही ना दिले? तळव्याने फोटो झाकून त्यांनी पान पुन्हा पाहिलं. चव्वेचाळीसच होत होते. निकालात ती साइट पहिली आली.

शेऱ्याचा रकाना मात्र त्यांनी कोरा ठेवला होता. घरी आल्यावर मुलाचा फोन आला, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे ना, आई. असू देत बाबा तिथे. कुणाचं काय अडतंय?"

"एखादी मुलगी तीनला जाऊन बारा नंबरच्या दाराशी उभी राहील. त्यांना चाललं असतं का ते?"

"नाही," मुलगा म्हणाला. "ती परत गेली असती, तर स्वतः खाली येऊन शोधलं असतं त्यांनी तिला."

दुसऱ्या दिवशी बाईंनी अध्यक्षांकडून गुणांचा कागद परत मागून घेतला आणि शेरा लिहिला: 'भूगर्भशास्त्राचे विभागप्रमुख चार वर्षांपूर्वी वारले. पान दुरुस्त करावं.' 'वारले' लिहिताना हात अडला. इतक्या वर्षांत तो शब्द त्यांनी कधी कागदावर लिहिलाच नव्हता.

तीन आठवड्यांनी त्यांनी पान पुन्हा उघडलं. फोटो गेला होता. यजमानांचं नाव खाली, पूर्वीच्या प्रमुखांमध्ये, पुढे कारकिर्दीची दोन सालं. बाईंनी ती एकदा पाहिली, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिली. सालं बरोबर होती.

वर नव्या प्रमुख बाईंचा चेहरा कुणीतरी आडवा ताणून बसवला होता. बाईंना ते पाहवेना. त्यांनी पत्र लिहायला घेतलं: 'नव्या विभागप्रमुखांच्या फोटोचं प्रमाण बिघडलं आहे. त्यांना बरं वाटणार नाही. कृपया आजच नीट करावा.'