यजमानाचा हात

पांढुर्ण्याहून आलेल्या गृहस्थांनी चपला काढता काढताच मनोहररावांचे नाव घेतले आणि ते थांबले. मनोहरराव गेले, हे मला कळले. मी संध्येला बसलो होतो. आचमनाचे पाणी तळहातावर तसेच राहिले... त्याला आता काही आठवडे लोटले.

मनोहरराव नागपूरला एका बांधकाम कंपनीत नकाशे काढीत. कचेरीत संगणक आला, तेव्हा सौसरच्या आमच्या मंदिरातील कमळाच्या आकाराच्या, एक हात रुंदीच्या पद्मकुंडाचा आराखडा त्यावर काढण्याची इच्छा त्यांनी स्वतःच बोलून दाखवली. मी साशंक होतो. यज्ञकुंडाचे माप मीटरमध्ये नसते. यजमानाने बाहू उंचावून उभे राहायचे, पायापासून बोटांच्या टोकापर्यंत दोरी धरायची. तिचा पाचवा भाग म्हणजे एक हात, आणि हाताचा चोविसावा भाग म्हणजे अंगूळ. हे यंत्राला कोण शिकवणार? मनोहरराव हसले. "पंडितजी, यंत्राले मीटरचा लोभ नाही. अंगूळ केवढं, तेवढं सांगाचं त्याले." यजमान रामरावांच्या मापाने त्यांनी पाकळ्यांचे पूर्ण आकाराचे कागदी साचे छापून आणले. खाली अंगुळांच्या खुणांची, एक हात लांबीची पट्टी होती. मिस्त्रीने आपली मापाची काठी तिच्यावर ठेवायची. जुळली तरच कागद खरा.

यज्ञाच्या आदल्या दिवशी सकाळी लोधीखेड्याहून निरोप आला, रामरावांचे चुलतभाऊ वारले. सूतक लागले. मुहूर्त हलवता येत नव्हता, आणि एकाच्या मापाच्या कुंडात दुसऱ्याकडून आहुती देवविणे माझ्या गुरूंनी मला शिकवले नव्हते. व्रतस्थ असे दुसरे दांपत्य तेथे एकच होते, मनोहरराव आणि त्यांच्या पत्नी शांताबाई. मी त्यांना यजमान म्हणून बसायला सांगितले.

"मी? अहो, मी तं नकाशावाला!" मनोहरराव मागे सरले.

"बसा म्हणून राहिले तं बसा," शांताबाई म्हणाल्या. "घरी कोनाचं आयकत नाही, देवाचं तरी आयका."

दोरी धरली, मिस्त्रीने नवी काठी कापली, आणि मनोहरराव माप घेऊन नागपूरच्या बसने गेले. दुपार मी जपात काढली. पण मन मण्यांवर नव्हते. तिकडे वीज गेली तर? यंत्र अडले तर? मिस्त्री विटा भिजवून बसला होता आणि सारखा विचारी, "पंडितजी, येऊन राहिले का जी?" सूर्य कलला तेव्हा ते कागदांची गुंडाळी छातीशी धरून आले.

मिस्त्रीने काठी पट्टीवर ठेवली. पट्टी काठीच्या पुढे गेली होती... जवळजवळ अंगुळभर. शांताबाईंनी पदर तोंडाशी नेला. आता पुन्हा नागपूर गाठणे अशक्य होते. मी डोळे मिटून घेतले.

"मिस्त्री," मनोहररावांचा आवाज आला, "हा तं रामरावांचा हात आहे. माझा कुठं ठेवला?"

नवी काठी मंडपाच्या पडद्याला टेकू म्हणून लावलेली निघाली. ती पट्टीवर ठेवली. टोकाला टोक भिडले. मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणाला, "माही मतीच गेली जी!" त्या संध्याकाळी दोघे मिळून कुंड बांधत राहिले. मनोहरराव एवढेच म्हणाले की आराखड्यातली एकही रेघ त्यांनी हलवली नव्हती, बदलले ते केवळ अंगूळ. पहाटे शांताबाईंसह बसून त्यांनी पहिली आहुती दिली.

परवा शांताबाई मंदिरात आल्या. कुंडाच्या कडेशी बसल्या, आणि कोपर एका टोकाला टेकवून आपला हात त्यांनी कुंडावर आडवा पसरला. बोटे पलीकडच्या टोकापर्यंत पोहोचली नाहीत.

"यायचा हात लांबच होता," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ हात तेथून उचलला नाही.